ताळ्याला गुण हवेत

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी १९ वर्षं गणित शिकवते आहे. यंदाच्या सराव परीक्षेतल्या दोन उत्तरपत्रिका डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे पत्र.

प्रश्न नेहमीचाच, वस्तू थंड होण्याच्या न्यूटनच्या नियमावरचा: वस्तू आणि खोली यांच्या तापमानातला फरक जितका कमी, तितकी वस्तू सावकाश थंड होते. खोलीचं तापमान ३० अंश. एक वस्तू १०० अंशांवरून ७० अंशांवर यायला १५ मिनिटं लागली, तर सुरुवातीपासून किती वेळानं ती ४० अंशांवर येईल? उत्तर साधारण ५२ मिनिटं येतं. एका मुलानं समीकरण मांडलं, इंटिग्रेशन (संकलन) केलं, स्थिरांक काढला आणि शेवटी लॉगमध्ये घोटाळा करून लिहिलं, ११ मिनिटं. वर त्याभोवती चौकटही केली. ७० अंशांवर यायलाच १५ मिनिटं लागली हे प्रश्नात छापलेलं असताना! एका मुलीचंही उत्तर चुकलं, तिचं आलं २३ मिनिटं. पण तिनं खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘उत्तर ३० च्या वर यायला हवं. पहिले ३० अंश उतरायला १५ मिनिटं लागली, पुढचे ३० त्याहून सावकाश उतरणार. चूक सापडत नाही, वेळ संपली.’

प्रश्न ५ गुणांचा. स्टेप मार्किंगनं, म्हणजे बरोबर पायऱ्यांना गुण देण्याच्या पद्धतीनं, दोघांनाही ४ मिळाले. ते मीच दिले, कारण सराव परीक्षा विद्यापीठाच्या धर्तीवर तपासली नाही तर मुलांचे अंदाज चुकतात. आणि त्या धर्तीत मुलीच्या त्या तीन ओळींना जागा नाही.

प्राथमिक शाळेत भागाकार झाला की बाई म्हणायच्या, ‘ताळा करून बघ.’ भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. भाज्य आलं की गणित बरोबर. पुढच्या गणितात असा सरळ ताळा काही ठिकाणी मिळतो आणि डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे अवकल समीकरण, हे त्यातलं एक ठिकाण आहे. एखादी गोष्ट किती वेगानं बदलते ते हे समीकरण सांगतं, थंड होण्याचा वरचा प्रश्न त्यातलाच. सोडवायला इंटिग्रेशन लागतं, ते कधी जमतं, कधी अडतं. पण हाती आलेलं उत्तर डिफरन्शिएट करून, म्हणजे इंटिग्रेशनची उलट क्रिया करून, मूळ समीकरणात घातलं की दोन्ही बाजू जुळतात की नाही, ते बहुतेक वेळा चार ओळींत कळतं. पुस्तकाच्या मागची उत्तरं उघडावी लागत नाहीत, सरांना विचारावं लागत नाही. त्या मुलानं आपली ११ मिनिटं नुसती सूत्रात घातली असती तर तापमान ४० च्या जागी ७६ अंश आलं असतं. एका मिनिटाचं काम होतं. त्यानं ते केलं नाही, कारण ते करायला त्याला कुणी कधी गुण दिलेच नाहीत.

आता हा विषय बसवलाय कसा ते पाहा. आमच्याकडे गेली काही वर्षं चाललेल्या आराखड्यात एम-टूच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताच्या दुसऱ्या पेपरच्या, पहिल्या दोन युनिटांत ही समीकरणं येतात. एकात समीकरणाचे प्रकार ओळखून सोडवायचे, दुसऱ्यात त्यांचा वापर: थंड होणारी वस्तू, विजेचं सर्किट, सरळ रेषेतली गती, उष्णतेचं वहन. दोन्हींना मिळून जेमतेम १६ तास. त्यांची परीक्षा ३० गुणांच्या, एका तासाच्या इन-सेममध्ये, म्हणजे सत्र चालू असतानाच्या परीक्षेत, उरकते. सत्राच्या शेवटी ७० गुणांच्या एंड-सेमला पुढची चार युनिटं, त्यात या समीकरणांचं नावही नाही. दुसऱ्या वर्षी एम-थ्री या पुढच्या पेपरला याच समीकरणांचे वरच्या ऑर्डरचे, म्हणजे अधिक अवघड, प्रकार समोर येतात तेव्हा मुलं सगळं नव्यानं पाहिल्यासारखी पाहतात.

एका तासात ३० गुण म्हटल्यावर मुलं काय करतात? समीकरण एक्झॅक्ट प्रकारचं आहे की लीनियर प्रकारचं, ते ओळखायचं आणि ठरलेल्या पायऱ्या लिहून मोकळं व्हायचं. वापराचं युनिट कित्येक जण सरळ ऑप्शनला टाकतात. मी त्यांना दोष देत नाही. उरतात ट्युटोरियलचे, म्हणजे वर्षभरात सोडवून द्यायच्या सराव-गणितांचे, २५ गुण. तिथे खरं शिकणं व्हायला हवं, पण सबमिशनच्या आदल्या रात्री एकच फाईल वर्गभर फिरते आणि आम्ही सह्या करतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचा १८.०३ क्रमांकाचा याच विषयाचा अभ्यासक्रम त्यांच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. त्यातलं पहिलंच व्याख्यान सोडवण्याच्या पद्धतीचं नाही, चित्राचं आहे. समीकरण प्रत्येक बिंदूपाशी उताराची दिशा सांगतं. त्या छोट्या रेघा काढायच्या आणि त्यांच्यामधून वक्र कसा जाईल ते पाहायचं. थंड होणाऱ्या वस्तूचं असं चित्र ज्यानं एकदा हातानं काढलंय, त्याला ११ मिनिटं हे उत्तर खटकल्याशिवाय राहणार नाही. त्यासाठी फक्त वही आणि पेन्सिल लागते. महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

माझं मागणं मोठं नाही. ५ गुणांच्या प्रश्नातला १ गुण ताळ्यासाठी राखून ठेवा, आणि उत्तर चुकलंय हे ओळखून त्याचं कारण लिहिणाऱ्यालाही तो द्या. पेपरचा वेळ थोडा वाढवा किंवा एखादा प्रश्न कमी करा. ट्युटोरियलच्या २५ पैकी निदान १० गुण समोर बसवून, ‘हे उत्तर बरोबर कशावरून?’ एवढं विचारून द्या. तपासणाऱ्यांचा भार वाढेल असं सहकारी म्हणतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मीही तपासते, त्यामुळे तो भार मला ठाऊक आहे. पण ताळा केलाय की नाही हे एका नजरेत दिसतं. चुकलेल्या लॉगचा माग काढत दोन पानं चाळण्यापेक्षा ते सोपं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार ठिकठिकाणी आराखडे बदलत आहेत. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांवरच्या मंडळींनी हे पत्र वाचावं म्हणून तुमच्याकडे पाठवते आहे. माझ्या वर्गात जानेवारीपासून प्रत्येक गणिताखाली मी ताळा लिहायला लावते. महिनाभर मुलं लिहितात, काहींना त्यात गोडीही वाटू लागते. मग कुणीतरी जुन्या प्रश्नपत्रिका आणतं, त्यातली गुणांची विभागणी सगळे पाहतात, आणि मार्च उजाडेपर्यंत वह्यांमधला ताळा नाहीसा झालेला असतो.

आपली विश्वासू,
गणिताची एक प्राध्यापिका, नाशिक जिल्हा