करवंदीची जाळी म्हणजे कचरा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या चराऊ जमिनींवर वन्यजीवांसाठी देशी झाडांचं जंगल उभारण्याविषयीचा लेख कालच्या अंकात वाचला. कल्पनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण सोबत फोटो कशाचा, तर फुललेल्या गुलमोहराचा! गुलमोहर मूळचा मादागास्करचा. देशी झाडांच्या लेखावर निदान पळस तरी छापायचा होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या जंगलात तो डोळ्यांत भरेल असा फुलतो.

फोटोचं एक वेळ सोडून देऊ. झुडपं साफ करून रोपं लावावीत असं जे लिहिलंय, त्याने मात्र माझी झोप उडाली.

आमच्या वस्तीमागच्या टेकडीवर पूर्वी तबेल्यांतली भाकड जनावरं चरायची. ती यायची थांबली आणि काही पावसाळ्यांत टेकडी आपोआप भरू लागली. करवंदीच्या जाळ्या पसरल्या. त्या काट्यांच्या आत, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही, तिथे ऐन, भोकर, आपटा वर यायला लागले. गवताखाली जुन्या झाडांची मुळं जिवंत असतात, त्यांना फुटवे येतात. बुलबुल आणि उदमांजरं फळं खाऊन बिया टाकतात. कुणी खड्डा खणला नव्हता, पाणी घातलं नव्हतं.

मग एका जूनमध्ये एका कंपनीची माणसं वृक्षारोपणाला आली. आदल्या दिवशी मजुरांनी कोयत्यांनी सगळ्या जाळ्या तोडून ढीग लावले. त्या ढिगात हातभर वाढलेले ऐन होते, मी स्वतः पाहिले. थांबवायला गेले तर मुकादम म्हणाला, "मॅडम, कचरा काढतोय." आणि लावलं काय? गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, सगळी परदेशी झाडं! कित्येक रोपांची काळी पिशवीसुद्धा न काढता ती तशीच मातीत पुरली. होळीच्या सुमारास गवताला आग लागली, त्यात बहुतेक सगळी गेली. विझवायला त्या कंपनीचं कोण येणार? पाड्यावरची मुलं हिरव्या फांद्या घेऊन धावली.

त्याच पाड्यावरच्या एक मावशी मे महिन्यात तिथली करवंदं पानांच्या द्रोणांतून स्टेशनबाहेर विकायच्या. त्यांचा हंगाम बुडाला. जाळ्या तोडण्याआधी त्यांना कुणी विचारलं होतं का?

म्हणून कळकळीने सांगते, आधी चराई आणि वणवा थांबवा. दिवाळीनंतर गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळी पट्टी, काढा आणि ते काम पाड्यावरच्यांना मजुरी देऊन सोपवा. उगवतंय ते वाढू द्या. जिथे काहीच येत नाही तिथेच झाडं लावा. तिथे उंबर लावा, वड लावा. आपला राज्यपक्षी हरियाल त्यांच्याच फळांसाठी येतो. चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं दाटीने लावायची मियावाकी पद्धत शहरातल्या रिकाम्या भूखंडाला ठीक असेल, टेकडीवर तिचं काम नाही. आणि थोडं गवत गवतच राहू द्या. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तिने कुठे जायचं?

२०२१ मध्ये आरेची ८१२ एकर जमीन वनखात्याकडे गेली तेव्हा आम्हा गोरेगावकरांना केवढा आनंद झाला होता. तिथे तरी साफसफाईच्या नावाखाली कोयते चालू नयेत.

आणखी एक. आरेच्या रस्त्यालगत रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात. त्या ढिगाखाली कसलं बी रुजणार? जोडीला ओला कचरा टाकतात, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या पाड्यांच्या दारापर्यंत येतो. तक्रार केली तर "ती जागा आमच्या हद्दीत नाही" असं उत्तर मिळतं. आपल्या बातमीदाराला एकदा रात्री बारानंतर तिथे पाठवा.

– एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई