शिबिर झाले, पुढच्या गोळ्यांचे काय?

महोदय,

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या आमच्या गावात नुकतेच मोफत आरोग्य शिबिर झाले. सुट्टीचा दिवस खर्ची घालून डॉक्टर मंडळी आडवाटेला आली, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. भातकापणी उरकल्यामुळे देवळाच्या मंडपात ही गर्दी! दंडाला पट्टा बांधू लागताच एक आजी म्हणाल्या, ''मला कसलं बीपी? गुडघं तेवढं बघा की!'' मोजले तर रक्तदाब चांगलाच वाढलेला.

अशा कित्येकांना पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पण रक्तदाबाची गोळी रोजची, बहुधा जन्मभराची. बरे वाटते म्हणून मध्येच सोडली तर पक्षाघाताचा धोका. आमच्यासारख्या, महाराष्ट्र हक्क सांगत असलेल्या सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकाने त्यावर हरकत घेतली, बातम्या भरपूर झाल्या. मुळात ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. आजींच्या रोजच्या गोळीशी तिचा फारसा संबंध नाही.

म्हणून आयोजकांना विनंती, की रुग्णांची यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आणि आशाताईंकडे द्यावी, म्हणजे सरकारी गोळ्या सुरू राहतील. पाकिटावर इंग्रजी खरडण्यापेक्षा सूर्य-चंद्र काढले तरी आमच्या म्हाताऱ्यांना कळते. आणि चष्म्यांचे नंबर घेऊन गेलात, ते चष्मे कधी येणार तेवढे कळवावे.

– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)