काही पडलं तर वाकू नकोस

वाई, ७ जुलै २०२४

चि. सोनू हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर पैशांचं बोललो ते चुकलंच. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट तू कॅफेतल्या कामाच्या पैशांतून काढलंस हे आईने नंतर सांगितलं. राग पैशांचा नव्हता गं. दोन दिवसांआधी टीव्हीवर हाथरसची चेंगराचेंगरी पाहिली होती, १२१ माणसं गेली. त्यात तू म्हणालीस, ‘बाबा, माद्रिदचं अख्खं बेर्नाबेउ मैदान भरणार आहे.’ माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच आलं.

गर्दीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू पाठवलेलं गाणं ऐकलं. शब्द कळले नाहीत, पण ठेका आपल्या हलगीवाल्याला एकदा ऐकवला तर तो लगेच धरेल. पोर्तो रिकोत सुरुवातीला पोलिसांनी या रेगेटन गाण्यांच्या कॅसेटी दुकानांतून उचलून नेल्या होत्या, हे तू सांगितलंस तेव्हा अण्णांची आठवण झाली. तमाशाचा तंबू लागला की ते घराला आतून कडी घालायचे. मी तसं करायचं नाही, हे तू जन्मलीस तेव्हाच ठरवलं होतं. आणि ही तुझी गायिका कारोल जी, कोलंबियातल्या मेडेयीनची पोर, सुरुवातीला वडीलच तिच्याबरोबर फिरायचे म्हणे. आता २० ते २३ जुलै, सलग चार रात्री एवढं मैदान भरवतेय. त्या माणसाला काय वाटत असेल!

तरी सांगतो. आत गेल्यावर आधी बाहेर पडायच्या वाटा बघ, एक नाही, दोन. स्टेजच्या अगदी पुढे घुसू नकोस. आणि हातातून काही पडलं, फोन असो, पर्स असो, तर वाकू नकोस.

तुला मांढरदेवचं कधी नीट सांगितलं नाही. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा. माझी जादा गाडीवर ड्युटी होती. वर पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडून निसरडं झालेलं. पुढचे घसरले, मागच्यांना कळलंच नाही, ते रेटत राहिले. तीनशेच्या आसपास माणसं गेली. परतीच्या गाडीत मी कुणाकडे तिकिटाचे पैसे मागितले नाहीत. दुसऱ्या सीटवर एक बाई लहान मुलाची एकच चप्पल हातात घेऊन बसली होती. निळा पट्टा, बक्कल तुटलेलं. वाई स्टँड येईपर्यंत तिने ती मांडीवरसुद्धा ठेवली नाही. रात्री घरी येऊन तुला झोपेतून उठवलं. आई ओरडली माझ्यावर. तू पाच वर्षांची होतीस, ‘बाबा, खाऊ?’ म्हणालीस.

हे लिहायचं नव्हतं. तुझ्या आनंदात विरजण घालतोय, माफ कर.

तिथली व्यवस्था चांगली असणार, मला कळतं. तरी सुटल्यावर सगळे मैदानाच्या दारातल्या दहा नंबरच्या मेट्रोकडे धावतील. तू धावू नकोस. कास्तेयानाच्या मोठ्या रस्त्याने लोकांबरोबर चालत पुढच्या नुएव्होस मिनिस्तेरिओस स्टेशनला जा. मेट्रो दीडला बंद होते ना? चुकली तर सिबेलेसच्या चौकातून रात्रीच्या बस आहेत, ज्यांना तुम्ही घुबड म्हणता त्या. कंडक्टर नसतो म्हणालीस, मग ड्रायव्हरच्या जवळच्या सीटवर बस. पंचवीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाचं एवढं ऐक.

इंग्रजीच्या तासाला पोटात दुखतं म्हणून घरी यायचीस. आता स्पॅनिशमध्ये हजारोंबरोबर गाणार. डेपोत सगळ्यांना सांगून झालंय. नाव मात्र मला नीट उच्चारता येत नाही, कागदावर लिहून नेलं होतं.

२१ला गुरुपौर्णिमा आहे, उठल्यावर आक्कांना फोन कर. त्याआधी रात्री खोलीवर पोचलीस की मला. इकडे पहाटेचे चार-पाच वाजले असतील, मी जागाच असेन. नुसता मिस्ड कॉल दिलास तरी चालेल.

बूट नाडीचे घाल. गाठ दोनदा मार.

तुझा,
बाबा