आक्काचा दम

सातारा

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

पावसाळाभर माझे पत्र नाही, म्हणून तू रागावला असशील. माझी साखर आटोक्यात आहे, तेवढे पुरे. लिहायचे आहे ते आक्काविषयी.

तिच्या फुंकण्याच्या तपासणीचा अहवाल गेल्या वर्षीइतकाच आला. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा कमी झालेली नाही, म्हणून घरातील सारे निर्धास्त आहेत. मला मात्र तिचे जगणे वर्षभरात आक्रसलेले दिसते. चारचौघांत खोकल्याची उबळ येईल या भीतीने तिचे गुरुवारचे भजन सुटले. औषध ओढायचा पंप पिशवीत असतो, पण लोकांदेखत ती तो काढत नाही. आंघोळ करताना धाप लागते, म्हणून पहाटे उठल्यापासून तिला आंघोळीचीच धास्ती.

यावेळी डॉक्टरांनी तिच्याकडून सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याच्या तिच्या या आजाराच्या, रुग्णांसाठी असलेला ८ प्रश्नांचा तक्ता भरून घेतला. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण. जितके गुण जास्त, तितका त्रास अधिक. खोकला, कफ, जिना यांना तिने मधले आकडे दिले आणि घराबाहेर पडण्याचा धीर वाटतो का, या प्रश्नाला सरळ ५. फुंकण्याच्या यंत्राला हे कसे कळावे?

दादा म्हणतो, तिला हलू देऊ नका. त्याची माया खरी आहे, पण यावरून आमचे चांगलेच वाजले. माणूस बसून राहिले की मांड्यांचे स्नायू झिजतात, मग चार पावलांत दम लागतो आणि दम लागतो म्हणून ते आणखी बसते. नियमित चालणे, पायांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे, यांनी फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही, तरी दम कमी लागतो आणि माणूस पुन्हा हिंडूफिरू लागते, असे डॉक्टरांनी त्याच्यासमोर सांगितले.

चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवरच्या भाकरीला नाही, यावरून आपण किती भांडलो होतो! तंबाखूला कधी न शिवलेल्या आक्काला हा आजार चुलीच्या आणि भुशाच्या शेगडीच्या धुरानेच जडला असावा, असे डॉक्टरांचे मत आहे. तेव्हा तुला दिलेला विजय मी आज परत घेतो.

तुझ्या घराचे काम संपले का? वहिनींचा गुडघा कसा आहे? सूनबाई फिजिओथेरपिस्ट आहे. आक्काचे सारे अहवाल पाठवतो, ते पाहून खुर्चीच्या आधाराने करता येतील असे व्यायाम तिच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घे. आणि दिवाळीत चार दिवस राहायलाच ये. आक्का माझे ऐकत नाही, तुझे ऐकेल.

तुझा,
माधव