दिव्यांग मुलांचं शिक्षण शिक्षण खात्याकडे कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ॲडमिशनचा सीझन आला की आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच मेसेज सुरू होतात, कुणाला फॉर्मच दिला नाही, कुणाला सांगितलं जागा भरल्या, कुणाला प्रिन्सिपल मॅडम गोड बोलून म्हणाल्या की तुमच्या मुलाचं भलं विशेष शाळेतच आहे. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे आणि साध्या शाळेत जातो. आधीच्या शाळेने आम्हाला सांगितलं होतं की शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी व्यक्ती, तुम्ही शोधा, पगारही तुम्हीच द्या, नाहीतर मुलाला घरी ठेवा. लालबागमध्ये एका पगारावर चालणाऱ्या घराने हे कसं करायचं?

समावेशक शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांनी साध्या शाळेत इतर मुलांबरोबर शिकणं, हे नवीन शैक्षणिक धोरणाबरोबर आलेलं काहीतरी नवं फॅड आहे असं बरेच जण बोलतात, शिक्षकसुद्धा. म्हणून हे पत्र. ही गोष्ट फार जुनी आहे आणि तिचा मोठा भाग आपल्या मुंबईतच घडलाय.

मूकबधिर मुलांसाठी देशातली पहिली शाळा मुंबईत निघाली, १८८४-८५ च्या सुमारास, बिशप लिओ म्यूरिन यांनी काढली, माझगावची शाळा ती हीच. १९०० च्या दुष्काळात अनाथ झालेल्या अंध मुलांसाठी ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी शाळा सुरू केली, ती आज दादरला कमला मेहता अंध शाळा म्हणून चालते. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. मग १९४४ ला जय वकील आणि त्यांच्या यजमानांनी वर्ग सुरू केला, कारण त्यांच्या मुलीला, दीनाला, डाउन सिंड्रोम होता आणि तिच्यासाठी शाळाच नव्हती. आज शिवडीला त्यांच्या नावाची केवढी मोठी संस्था उभी आहे. १९७२ ला मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली तीसुद्धा स्वतःच्या मुलीसाठी. ही मुलगी म्हणजे मालिनी चिब, त्यांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणं) आहे, त्या पुढे झेवियर्स कॉलेजात शिकल्या, लंडनला जाऊन दोन मास्टर्स केली. ज्या मुलीला इथे शाळा मिळत नव्हती तिने हे केलं!

आता यात सरकार कुठे आहे बघा. मिशनरी आहेत, ट्रस्ट आहेत, आणि सगळ्यात जास्त आईवडील आहेत. या सगळ्यांचे उपकार मोठेच आहेत, पण सुरुवात धर्मादायातून झाली म्हणून सरकारनेही हा विषय कायम कल्याणाच्या फायलीत ठेवला, आणि माझ्या मते आजचा सगळा घोळ इथूनच येतो. केंद्राने नेमलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्येच सांगितलं होतं की शक्य तितक्या दिव्यांग मुलांना साध्या शाळेत शिकवा आणि हे नुसतं दयेपोटी करू नका. त्यावर १९७४ ला केंद्राने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली आणि दिली कुणाकडे तर समाजकल्याण मंत्रालयाकडे, शिक्षण खात्याकडे ती यायला १९८२ उजाडलं. महाराष्ट्रात विशेष शाळा आधी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, आता दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं, एकाची शाळा शिक्षण खात्याची आणि दुसऱ्याची दुसऱ्याच खात्याची. मुलाला विशेष शाळेतून साध्या शाळेत आणायचं म्हटलं तर इकडचे तिकडे पाठवतात आणि तिकडचे इकडे, यात पालकांचं अख्खं वर्ष जातं.

कायदे कमी आहेत असं अजिबात नाही. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ऑटिझम नव्हता, डिस्लेक्सियाही (वाचन-लेखनातली अडचण) नव्हता, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि हे दोन्ही आले. त्याच कायद्यात लिहिलंय की ६ ते १८ वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेला भेदभाव करून ॲडमिशन नाकारता येत नाही. मान्यता म्हटल्यावर प्रायव्हेट शाळाही त्यात आल्या. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रमाणही ठरवून दिलं, प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १ विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे १. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात २०१२ ला दुरुस्ती होऊन तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकायचा पर्याय मिळाला, तो त्या मुलांच्या सोयीसाठी आहे, शाळांनी नको असलेलं मूल घरी पाठवायला नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण यावर आमच्या पालकांतच भांडणं होतात. विशेष शाळा बंद करून सगळ्यांना एकाच वर्गात बसवा असं मी म्हणत नाहीये. १८८० साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली, बहुतेक सगळे ऐकू येणारेच, आणि त्यांनी ठरवून टाकलं की खुणांची भाषा नको, बोलायलाच शिकवा. त्याचे परिणाम जगभरच्या कर्णबधिर मुलांनी पुढे कितीतरी दशकं भोगले, आयोजकांच्या वारसांनी खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये! आज कर्णबधिर मुलाला ६० मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं आणि साइन लँग्वेज येणारं तिथे कुणीच नसेल तर ते मूल एकटंच आहे, त्याला मी समावेश म्हणणार नाही. विशेष शाळांमधले शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतायत, त्यांचा अनुभव साध्या शाळांना मिळायला हवा, आणि तो मिळायचा तर दोन्ही शाळा एकाच खात्याखाली हव्यात.

म्हणून सरकारकडे आणि महापालिकेकडे मागणी अशी आहे की विशेष शाळा शिक्षण खात्याकडे आणा, कोर्टाने सांगितलेल्या प्रमाणात विशेष शिक्षकांची कायम पदं भरा (कंत्राटी शिक्षक दरवर्षी बदलतो आणि आमची मुलं माणूस बदलला की महिनोन्‌महिने मागे जातात), आणि शॅडो टीचरचा खर्च पालकांवर टाकणाऱ्या शाळांना लेखी जाब विचारा. आणि एक काम तर लगेच करता येईल. कुठल्या शाळेत विशेष शिक्षक आहे, रिसोर्स रूम (विशेष शिक्षक मुलांना वेगळं शिकवतात ती खोली) आहे, रॅम्प आणि वापरता येणारं टॉयलेट आहे याची वॉर्डनिहाय यादी शिक्षण निरीक्षकांच्या ऑफिसबाहेर आणि वेबसाइटवर लावा, आणि ती ॲडमिशनचे फॉर्म निघायच्या आधी लावा, नंतर लावून आम्हाला काही उपयोग नाही.

आपली,
एक पालक, लालबाग, मुंबई