‘फॉरमॅट’ दाबू नकोस

नाशिकरोड,
२४ मे

प्रिय अविनाश,
स. न. वि. वि.

तुझा निरोप वाचला. आधी ती हार्ड डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेव आणि मग पुढचं वाच. विंडोज ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतंय म्हणजे अण्णांचे फोटो गेले असं नाही. कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही त्याला वाचता येत नाहीये, इतकंच. क्विक फॉरमॅट केलंस तर तिच्या जागी कोरी वही येते आणि जुनं शोधणं अवघड होतं. ‘क्विक’समोरची खूण काढून केलंस तर अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात, मग ब्रह्मदेव आला तरी काही निघणार नाही.

पहिला संशय केबलवर घ्यायचा. या डिस्कची पसरट पिन वर्ष-दोन वर्षांत सैल होते. दुसरी केबल लाव, आणि डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टात लाव. पुढच्या पोर्टांना बऱ्याचदा वीज अपुरी पडते. लावल्यावर कान डिस्कशी ने. टक्-टक् असा एका लयीत आवाज येत असेल, किंवा बारीक बीप येऊन ती फिरतच नसेल, तर दोष हेडचा (तबकडीवरचं वाचणाऱ्या टोकाचा) किंवा मोटरचा. ताबडतोब काढ आणि पुन्हा लावू नकोस. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते एकदा घासायला लागलं की प्रत्येक मिनिटाला फोटो खरवडले जातात. फ्रीजरमध्ये ठेवायचा तो इंटरनेटवरचा उपाय तर मुळीच नको, आत दव धरतं.

आवाज नीट असेल तर विंडोजमधलंच ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून बघ. आकार ९३१ जीबी दिसतोय (१ टीबीची डिस्क विंडोज एवढीच दाखवतं) आणि पुढे ‘रॉ’ (म्हणजे नोंदवही ओळखता येत नाही) लिहिलंय, तर आशा चांगली आहे. ‘नो मीडिया’ दिसलं तर प्रकरण घरचं नाही. ‘इनिशियलाइझ’ विचारलं तर तिथेही नाहीच म्हण. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या ओळी बघ. सी५ शून्याच्या वर असेल तर काही सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचले जात नाहीयेत.

अशा वेळी शेजारचा कुणीतरी ‘चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्तीची कमांड) मार’ म्हणतोच. नको मारूस. चेकडिस्कचं काम नोंदवही सुसंगत करणं. तुझा फोटो वाचला काय, गेला काय, तिला सोयरसुतक नाही. जुळत नाही ते ती उचलून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नावगाव नसलेल्या तुकड्यांत टाकते. आणि हे सगळं ती मूळ डिस्कवरच लिहिते, इथेच घात होतो.

बरोबर क्रम असा: आधी हुबेहूब नक्कल, मग दुरुस्ती, आणि तीही नकलेवर. त्यासाठी लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीचा) पेनड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू हे नक्कल करणारं सॉफ्टवेअर चालवायचं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. साधं कॉपी-पेस्ट नेमकं खराब जागीच डोकं आपटत बसतं. सोबत मॅपफाइलचं (कुठवर वाचून झालं त्या नोंदीच्या फाइलचं) नाव द्यायला विसरायचं नाही. ती असली की मध्येच लाइट गेली तरी थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. नक्कल ठेवायची डिस्क मूळ डिस्कहून मोठी हवी आणि एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. धडधाकट डिस्कला तीनेक तास लागतात, आजारी डिस्कला दोन-दोन दिवसही. पंखा तिच्यावर सोडायचा. सध्या उकाडा आहेच.

मग नकलेवर टेस्टडिस्क हे नोंदवही सावरणारं सॉफ्टवेअर चालवायचं. जमलं तर फोल्डर नावांसकट परत मिळतात. नाही जमलं तर फोटोरेक: ते फोटो काढून देतं, पण नावं जातात, आणि लग्न, मुंज, सहल सगळं एका ढिगात येतं. निवडायला वहिनींना बसव, त्यांना चेहरे लक्षात राहतात.

लॅबकडे न्यायची वेळ आली तर आधी तीन गोष्टी विचारायच्या: डिस्क उघडायला क्लीनरूम (धूळविरहित खोली) आहे का, तपासून झाल्यावर खर्चाचा आकडा लेखी देणार का, आणि डेटा नाही निघाला तर पैसे किती. दुकानात टेबलावर पेचकस काढणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पड.

फोटो निघाले की त्यांच्या दोन प्रती वेगळ्या डिस्कवर ठेव. तिसरी सिडकोत ताईकडे दे. तू पंचवटीत तळमजल्यावर राहतोस, आणि गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला की तुमच्या गल्लीची काय अवस्था होते ते मी सांगायला नको. गुगल फोटोजच्या भरवशावर राहू नकोस. फुकट मर्यादा १५ जीबी, आणि सिंक चालू असताना मोबाइलमधून फोटो उडवला की तो तिथूनही कचरापेटीत जातो. ६० दिवसांनी तिथूनही साफ. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस घे. वळवाच्या पावसात लाइट फडफडते तेव्हा डिस्कवर लिहिणं चालू असेल तर नेमकी ती नोंदवहीच अर्धवट राहते.

रविवारी सकाळी डिस्क घेऊन ये. २ टीबीची रिकामी डिस्क आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह माझ्याकडे तयार आहे. येताना तिची मूळ केबलही आण, आणि तोवर ती कुणाच्या हाती देऊ नकोस. अण्णांना सांग, फोटो शोधतोय म्हणून.

तुझा,
श्रीधर