कराटे पोरींना शिकवताय, पण मोठ्यांच्या ट्रेनिंगचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठेतरी एखादी भयंकर घटना घडते, चार दिवस सगळे हादरतात, आणि मग आठवड्याभरात मुलींसाठी मोफत स्वसंरक्षण शिबिर आणि शाळेत गुड टच बॅड टचचं एक लेक्चर जाहीर होतं. हेतू चांगलाच असतो, मी नावं ठेवत नाहीये. पण अशी ट्रेनिंग देणाऱ्या टीमबरोबर काम करताना मला एकच गोष्ट खटकत राहते, आपण शिकवतोय कुणाला? लहान लेकरांना आणि मुलींना. म्हणजे ज्याच्यावर वेळ येणार त्यालाच सांगायचं की बाबा रे, थांबव आता. आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर हे सगळं शिजत असतं ते आपण मोठे, आई-बाप, काका-मामा, शिक्षक, कोच, क्लासवाले, व्हॅनवाले, आपण मागच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या आणि प्रमाणपत्राचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

हा प्रश्न केवढा मोठा आहे ते आधी बघा. युनिसेफने 2024 मध्ये आकडे दिले, जगात आज हयात असलेल्या मुली आणि बायकांपैकी 37 कोटींहून जास्त जणींवर वयाच्या 18 च्या आत बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेला आहे, आठात एक. आणि मुलग्यांचं काय म्हणाल तर 24 ते 31 कोटी मुलगे आणि पुरुष. तरी आपल्या शिबिराच्या पोस्टरवर मुलगा कधी दिसतो का? अपंग मुलांचा तर विचारच नसतो, त्यांच्यावर लैंगिक हिंसा होण्याचा धोका इतर मुलांच्या जवळपास तिप्पट असतो हे 2012 मध्येच अभ्यासातून पुढे आलंय, आणि आपलं लेक्चर मात्र माईकवर, पटापट, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी काहीच नाही.

दुसरं म्हणजे अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस. हे चित्र डोक्यातून जातच नाही लोकांच्या. लहान मुलांच्या बाबतीत अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, घरातला, शेजारचा, शिकवणारा. आणि तो एकदम झडप घालत नाही, आधी घरच्यांचा विश्वास कमावतो. तुम्ही दमलात, द्या मी सोडतो त्याला. मग मुलाला छोट्या भेटवस्तू, मोबाईलवर गेम, इतरांना नसलेली सूट. मग "हे आपल्या दोघांचं सिक्रेट हां." मग मस्करीत, कुस्ती खेळताना, गुदगुल्या करताना हात कुठपर्यंत चालतोय याची चाचपणी, आणि मूल काही बोललं नाही की पुढची पायरी. आता मला सांगा, यातली कुठली पायरी सात वर्षांच्या पोराने ओळखावी अशी तुमची अपेक्षा आहे? ही ओळखायची तर मोठ्यानेच. एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड कोण वेळ मागतोय, मुलाला परस्पर रात्री मेसेज कोण करतोय, आपण नियम सांगितला की दर वेळी "अहो माझ्यावर विश्वास नाही का" म्हणून कोण रुसतोय. ट्रेनिंगमध्ये हे शिकवायला हवं. आणि यातून कुणावर लगेच आरोप करायचा नसतो, नियम सगळ्यांना सारखा लावायचा असतो, दाराला काच ठेवायची, एकट्याने शिकवायचं असेल तर दुसऱ्याला दिसेल अशा जागी बसायचं, एवढंच. सरळ माणसाला याचा त्रास होत नाही, उलट त्याच्यावरही कुणी उगाच बोट दाखवत नाही.

गुड टच बॅड टच फुकट आहे असं मी म्हणत नाहीये. शाळेतल्या अशा कार्यक्रमांचा एक मोठा आढावा 2015 मध्ये निघाला होता, 24 अभ्यास एकत्र करून, त्यात दिसलं की मुलांना माहिती मिळते, ती काही काळ टिकते आणि झालेली गोष्ट सांगण्याचं प्रमाणही कदाचित वाढतं. अत्याचार प्रत्यक्षात कमी झाले का हे मात्र त्यातून सिद्ध झालेलं नाही. म्हणजे जास्तीत जास्त काय होतं, तर मूल सांगतं. मग पुढचा प्रश्न, सांगतं कुणाला? आणि ज्याला सांगतं त्याला काही ट्रेनिंग आहे का?

इथेच सगळं फसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. मूल पहिल्यांदा सहसा सगळं सांगत नाही, थोडंसं टाकून बघतं. "मला त्या सरांकडे नाही जायचं." "तो काका घाण आहे." आपण काय म्हणतो? असं बोलू नये मोठ्यांबद्दल, फी भरलीये, जायचं गपचूप. झालं, दार बंद. किंवा उलट, आई एवढी घाबरते, रडते, आरडाओरडा करते की मुलाला वाटतं आपल्यामुळेच हे घडलं, आणि दुसऱ्या दिवशी ते म्हणतं की मी खोटं बोललो. शिकवायचं ते हे, की चेहरा शांत ठेवायचा, पूर्ण ऐकायचं, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही, माझा विश्वास आहे तुझ्यावर" एवढं बोलायचं. कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही, त्याऐवजी "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन" म्हणायचं. आपल्या मनातलं उत्तर त्याच्या तोंडी घालायचं नाही, त्याने इथे हात लावला का, तिथे लावला का असं खोदून विचारायचं नाही, दहा नातेवाईकांसमोर परत परत वदवून घ्यायचं नाही, त्याने जे शब्द वापरले तेच लिहून ठेवायचे आणि ज्याचं काम तपास करणं आहे त्याच्याकडे लगेच जायचं. आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला स्वतः फोन करून जाब विचारायचा नाही, राग आला तरी, कारण मग पुरावेही जातात आणि मुलावर दबावही येतो. एवढ्या सगळ्या गोष्टी त्या क्षणी आपोआप सुचत नाहीत हो कुणाला. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबून करायचा प्रथमोपचार, जसा पुतळ्यावर हात दाबून शिकतात तसं हे बोलणं समोर माणूस बसवून, तोंडाने म्हणून शिकावं लागतं. आमच्या सेशनमध्ये चांगली शिकलेली मोठी माणसंसुद्धा पहिल्या वाक्याला अडकतात, "तू नक्की सांगतेयस ना?" हेच येतं तोंडातून.

मोठ्या बायकांच्या बाबतीत "मग ओरडली का नाही" हा प्रश्न तर ठरलेलाच. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या 298 बायकांचा अभ्यास झाला, 2017 मध्ये छापून आला, त्यातल्या 70 टक्के बायकांचं शरीर त्या वेळी बऱ्यापैकी गोठून गेलं होतं, हात हलेना, आवाज फुटेना. ठरवून गप्प राहिल्या नव्हत्या त्या, मेंदू घाबरला की शरीर असंही वागतं. ही एक गोष्ट जरी प्रत्येक सासू, भाऊ, मैत्रीण, एचआरवाला आणि चौकीतला हवालदार यांना माहीत असती तर किती जणी दुसऱ्यांदा जखमी व्हायच्या वाचल्या असत्या.

आता वेळेबद्दल. आपल्याकडे ट्रेनिंग म्हणजे एक तास, त्यातली वीस मिनिटं सत्कार. अमेरिकेत 2014 मध्ये अशा कार्यक्रमांच्या 140 मूल्यमापनांचा आढावा घेतला गेला, बरेचसे छोटे, एका बैठकीतले, आणि वागणुकीत खरा फरक पडल्याचं पक्कं दिसलं ते फक्त तीन उपायांत. त्यातला एक मला फार आवडतो. न्यूयॉर्कच्या 30 शाळांमध्ये प्रयोग केला, मुलांनाच शाळेचा नकाशा दिला आणि विचारलं की तुम्हाला कुठे भीती वाटते ते रंगवा. जिना, मागचा कॉरिडॉर, अमुक दरवाजा. मग शिक्षकांनी त्या जागांवर लक्ष वाढवलं, पोस्टर लागले, त्रास देणाऱ्याला लेखी ताकीद द्यायची पद्धत आली. आणि गंमत बघा, नुसत्या वर्गातल्या लेक्चरने फरक पडला नाही, हे इमारतीतले बदल केले तिथे पडला. याला खर्च किती? कागद आणि खडू. तरी मी कुठल्याही शिबिरात मुलांच्या हातात नकाशा दिलेला बघितला नाही.

मुलींना शिकवायचंच असेल तर तेही नीट शिकवा. कॅनडातल्या तीन युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलींना बारा तासांचं ट्रेनिंग दिलं, चार बैठकांत. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण ट्रेनिंग घेतलेल्यांमध्ये 5.2 टक्के आणि नुसती माहितीपत्रकं घेतलेल्यांमध्ये 9.8 टक्के, 2015 चा अभ्यास आहे. पण त्यात नुसते ठोसे-लाथा नव्हत्या, ओळखीचा माणूस मर्यादा ओलांडतोय हे वेळेत कसं ओळखायचं, त्याला वाईट वाटेल म्हणून आपण गप्प का बसतो, आणि स्वतःला नक्की काय हवंय काय नको यावर मोकळं बोलणं होतं. आपल्या कराटे शिबिरात समोर कायम चोर असतो, आतेभाऊ कधीच नसतो.

आणि पुरुष. यांना बोलवलं की एक तर येत नाहीत, आले तर हाताची घडी घालून बसतात कारण त्यांना वाटतं की आपल्याला गुन्हेगार म्हणून बोलवलंय. मला वाटतं चूक बोलवणाऱ्यांचीही आहे. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या 26 हायस्कूलमध्ये एक कार्यक्रम राबवला, त्यात मुलामुलींना बघ्याची भूमिका सोडायला शिकवलं, आणि ज्यांचं इतर ऐकतात अशी लोकप्रिय पोरं आधी निवडली. लैंगिक हिंसेत घट दिसली ती तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी, हे लक्षात घ्या, पहिल्या महिन्यात नाही. मुंबईत क्रिकेटच्या कोचमार्फत मुलग्यांशी बोलण्याचा परिवर्तन नावाचा कार्यक्रम झाला होता, तोही याच विचाराचा, कारण चौदा वर्षांचा पोरगा बाहेरच्या वक्त्यापेक्षा कोचचं जास्त ऐकतो. युगांडाच्या कंपाला शहरात तर साध्या शेजारी-पाजारी स्वयंसेवकांनी काही वर्षं घरोघर, नाक्यावर गप्पा मारून, आपली ताकद आपण घरात कशी वापरतो यावर लोकांना बोलतं केलं, आणि 2014 मध्ये आलेल्या अभ्यासात जोडीदाराकडून होणारी शारीरिक मारहाण तिथे 52 टक्क्यांनी कमी आढळली. कुणी मोठे तज्ज्ञ नव्हते ते, तिथलेच रहिवासी.

बघ्याने करायचं म्हणजे हाणामारी करायची असं लोक समजतात आणि मग मागे सरकतात. तसं नाहीये. बसमध्ये कुणी मुलीला खेटतोय, तर तिच्याजवळ जाऊन "अगं किती दिवसांनी, घरचे कसे आहेत" असं खोटंच बोलायला लागा, त्याचं गणित बिघडतं. नाही जमत तर कंडक्टरला सांगा. तेही नाही तर नंतर तिला विचारा, ठीक आहेस का, सोबत थांबू का. ऑफिसच्या ग्रुपवर घाणेरडा जोक आला की हसायचा इमोजी न टाकणं आणि "हे इथे नको" एवढं लिहिणं, यालाही हिंमत लागते, आणि हीच हिंमत सेशनमध्ये चार वेळा बोलून घेतली की खऱ्या वेळी जीभ अडखळत नाही.

एक मुद्दा जरा अवघड आहे, लोकांना ऐकवत नाही, तरी लिहिते. ज्याच्या मनात मुलांबद्दल असे विचार येतात पण ज्याने अजून काही केलेलं नाही त्याने जायचं कुठे? बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलमध्ये 2005 पासून अशांसाठी नाव गुप्त ठेवून उपचार चालतात. त्यांची दया करा असं मी म्हणत नाहीये, एका मुलाचा जीव त्यात वाचत असेल तर हवं ना ते. शिवाय अमेरिकेतल्या पोलिसांच्या नोंदींत असं दिसलं की अल्पवयीनांवर लैंगिक गुन्हे करणाऱ्यांत एक तृतीयांशाहून जास्त जण स्वतःच अल्पवयीन होते. म्हणजे किशोर मुलांशी वेळेत बोलणं, संमती म्हणजे काय, ती कधी नसते, झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाची ती असूच शकत नाही, हा सरळ प्रतिबंधच आहे, आणि आपण मात्र "इतक्या लहान वयात कशाला नको ते" म्हणून टाळतो, मोबाईलवर त्यांचं काय काय बघून झालंय ते माहीत असूनही.

तेव्हा आयोजकांना एक विनंती, पुढच्या वेळी पाहुण्यांच्या हाराचं बजेट कमी करा आणि एकाऐवजी सहा बैठका ठेवा, पालकांची, शिक्षकांची, व्हॅन-रिक्षावाल्यांची वेगवेगळी बॅच करा, संध्याकाळी ठेवा म्हणजे नोकरदार बाप येतील. बैठक झाली की तिथे कुणीतरी समुपदेशक थांबायला हवा, कारण दर वेळी कुणीतरी एक जण सगळे गेल्यावर मागे रेंगाळतो आणि त्याला स्वतःचंच काहीतरी सांगायचं असतं, बरेचदा पन्नाशी-साठीतलं माणूस असतं ते.

आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक विनंती. शिबिराची बातमी तुम्ही फोटोसकट छापताच. त्यात पाहुण्यांची नावं चार ओळी कमी करून एवढं छापाल का, की हजर असलेल्यांत पुरुष किती होते, पुढची बैठक कोणत्या तारखेला आहे, आणि सहा महिन्यांनी त्याच शाळेत तुमचा वार्ताहर परत गेला तेव्हा तिथे नक्की काय बदललेलं होतं.

आपली,
एक वाचक